लाट सगळ्यात शेवटी

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी बॉइसी. जून संपत आला की या शहराचं लक्ष एका आकड्याकडे लागतं: नदीचा प्रवाह १,५०० क्युसेकच्या खाली आला का? डोंगरातल्या बर्फाचं पाणी ओसरतं, आकडा उतरतो आणि अग्निशमन दलाचे जवान नदीत उतरून पात्रात अडकलेली झाडं आणि फांद्या काढतात. ते काम झालं की हंगाम सुरू झाल्याचं जाहीर होतं. तेव्हापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बॉइसीकर हवा भरलेल्या ट्यूबवर नाहीतर छोट्या राफ्टवर बसून बार्बर पार्कपासून अ‍ॅन मॉरिसन पार्कपर्यंत सुमारे साडेनऊ किलोमीटर वाहत जातात. दोन-तीन तास लागतात. वल्हं मारलं तर उत्तम, नाही मारलं तरी नदी नेतेच. ट्यूबवाल्यांच्या या उताराच्या खाली, त्याच नदीवर, शहरानं २०१२ मध्ये कायाक आणि सर्फबोर्डवाल्यांसाठी व्हाइटवॉटर पार्क, म्हणजे बांधून केलेल्या लाटांची खेळाची जागा, उघडलं. त्याचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये झाला.

क्युसेकचा आकडा आपल्यालाही परका नाही. पावसाळ्यात पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढल्याची बातमी येते, भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीकाठच्या वस्त्यांना इशारा मिळतो. आपल्या शहरांत हा आकडा नदीपासून लांब कधी व्हायचं एवढंच सांगतो. नदीत कधी उतरावं, हे सांगणारा आकडा आपल्याकडे नाहीच. तो कसा तयार होतो, त्यामागे काय काय करावं लागतं, कुठे फसतं आणि कुठे माणसं दगावतात, याचा हिशोब मांडायला आज पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव उपलब्ध आहे. तो वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. लाट बांधणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. पाणी कोणाचं, बंधाऱ्याचं काय करायचं आणि गटार कुठे जातं, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. ज्या शहरांनी ते सोडवले तिथेच लोक निर्धास्तपणे पाण्यात उतरतात.

कृत्रिम खळाळाची सुरुवात खेळातून झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कायाक-कनूची स्लॅलम शर्यत पहिल्यांदा आली आणि तिच्यासाठी ऑग्सबर्ग शहरात लेख नदीच्या पाण्यावर ‘आइसकनाल’ हा काँक्रीटचा मार्ग बांधला गेला. ऑग्सबर्गच्या जुन्या जलव्यवस्थेला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा कालवाही आहे. अमेरिकेत साउथ बेंडनं १९८४ मध्ये सेंट जोसेफ नदीलगतच्या गिरण्यांच्या जुन्या पाटाचा असाच मार्ग केला. उत्तर अमेरिकेतला तो पहिला. पण नदी शहराला परत देण्याचा विचार म्हणून पाहिलं, तर माझ्या लेखी या कथेचा उगम डेन्व्हरमध्ये आहे.

डेन्व्हर वसलं तेच १८५८ मध्ये, चेरी क्रीक आणि साउथ प्लॅट या नद्यांच्या संगमावर. पुढच्या शंभर वर्षांत शहरानं संगमाकडे पाठ फिरवली. काठावर रेल्वेचे यार्ड आले, कचऱ्याचे ढीग आले, गटारं नदीत सुटली. १६ जून १९६५ ला साउथ प्लॅटला महापूर आला. पुण्यानं पानशेतचा पूर पाहिला तो १२ जुलै १९६१ ला, म्हणजे जेमतेम चार वर्षं आधी. डेन्व्हरनं पुरानंतर दोन कामं केली. वरच्या बाजूला चॅटफिल्ड धरण झालं, हे कुठलंही सरकार करतं. दुसरं काम अधिक दूरदृष्टीचं होतं. १९७४ मध्ये महापौर बिल मॅकनिकल्स यांनी जो शूमेकर या राजकीय नेत्याच्या हाती नदीविकासाची समिती आणि सुमारे १९ लाख डॉलर दिले. पुढच्याच वर्षी संगमावर कॉन्फ्लुअन्स पार्क उभं राहिलं. तिथल्या बंधाऱ्याला वळसा घालून जाणारी, दगडांनी बांधलेली नावांची उतरण केली गेली आणि शहराच्या ऐन मध्यात कायाक चालू लागल्या. शूमेकर यांनी उभी केलेली ग्रीनवे फाउंडेशन ही संस्था आजही त्या नदीचं काम करते.

या उतरणीला एवढं महत्त्व का, हे समजायला बंधाऱ्याखालचं पाणी समजून घ्यावं लागतं, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण महाराष्ट्रातल्या वाचकासाठी हाच भाग जिवाचा आहे.

नदीत आडवी, बुटकी भिंत असते. तिच्यावरून पाणी सरळ खाली कोसळतं. खाली खोल, संथ पाणी असतं. वेगानं आलेला पातळ थर तळाशी घुसतो आणि वरचं पाणी उलटं, भिंतीच्या दिशेनं परत फिरतं. भिंतीच्या पायथ्याशी काठापासून काठापर्यंत लोळणारा आडवा भोवरा तयार होतो. त्यात सापडलेला माणूस खाली दाबला जातो, पुढे थोडा वर येतो, परत भिंतीकडे ओढला जातो. पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की तरंगायला आधार मिळत नाही, आणि वल्हं मारलं तरी पकड येत नाही. पट्टीचा पोहणाराही यातून सुटेलच असं नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र दिसतो चार-पाच फुटांचा शांत, सारखा पडदा. अमेरिकेतले बचावपथकवाले अशा बंधाऱ्याला ‘बुडवणारं यंत्र’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन शहरात १९७५ मध्ये अशाच बंधाऱ्याखाली बचावाला गेलेल्या अग्निशमन दलाची बोट उलटली आणि त्या दलावरच मृत्यू ओढवला. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या नदीवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. उन्हाळी सुटीत मुलं तिथेच पोहायला जातात, बंधाऱ्यावरून उड्या मारतात, आणि दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. ‘पाण्याचा अंदाज न आल्यानं’ हे वाक्य त्या बातम्यांत ठरलेलं असतं. तो अंदाज काठावरून येऊच शकत नाही, हे कुणीतरी मुलांना शिकवायला हवं.

व्हाइटवॉटर पार्क बांधणारे अभियंते याच भोवऱ्याला माणसाळवतात. एका उंच पायरीच्या जागी लांबवर पसरलेल्या तीन-चार बुटक्या पायऱ्या करतात, त्या मोठाल्या दगडांत बसवतात, मधोमध पाण्याला निघून जायला जागा ठेवतात आणि प्रत्येक पायरीखाली खोल डोह राखतात. वेगवान पाणी संथ पाण्याला भिडतं तिथे उभी लाट तयार होते. ती जागची हलत नाही, पाणी तिच्यातून जातं. भोवरा उरतो, पण तो काठाला भिडत नाही. त्यात पडलेला माणूस बाजूनं बाहेर फेकला जातो. बॉइसीच्या पार्कमध्ये तर पाण्याखाली पोलादी पाती आहेत, त्यांच्याखाली हवेच्या पिशव्या. हवा कमी-जास्त केली की पातं उचलतं किंवा बसतं आणि लाटेचा आकार बदलतो. कायाकवाल्यांना फेसाळ, खोलगट लाट हवी असते, सर्फिंगवाल्यांना काचेसारखी गुळगुळीत. दोघांना पाळी लावून त्यांची लाट दिली जाते.

म्हणून मला व्हाइटवॉटर पार्कच्या बाजूनं सर्वांत बळकट मुद्दा करमणुकीचा वाटत नाही. जुना जीवघेणा बंधारा जातो, हा वाटतो. ओहायोतल्या डेटन शहरानं २०१७ मध्ये ग्रेट मायामी नदीवरचा बुटका बंधारा काढून तिथे नावा जातील अशा दोन उतरणी केल्या. जॉर्जियातल्या कोलंबसमध्ये चॅटाहूची नदीवर कापडगिरण्यांनी बांधलेले दोन बंधारे होते. गिरण्या बंद पडल्या, बंधारे राहिले. २०१२ पासून ते फोडले, तेव्हा खालचे मूळ खडक शंभरहून अधिक वर्षांनी उघडे पडले आणि २०१३ मध्ये तिथे सुमारे चार किलोमीटरचा राफ्टिंगचा मार्ग सुरू झाला. शहराचं जुनं, ओस पडलेलं गिरणीचं टोक त्यामुळे पुन्हा जागं झालं. तिथे लाट ‘बांधावी’ लागली ती थोडी. खरं काम होतं अडथळा काढण्याचं.

आता पाणी कोणाचं हा प्रश्न. बॉइसीच्या नदीवर वर तीन धरणं आहेत: १९१५ चं अ‍ॅरोरॉक, जे तेव्हा जगातलं सर्वांत उंच होतं, १९५० चं अँडरसन रँच आणि १९५५ चं लकी पीक. उन्हाळ्यात ट्यूबखालून जे पाणी वाहतं ते खालच्या शेतांसाठी सोडलेलं असतं. शेतकऱ्याच्या हक्काचं पाणी शेताकडे जाता जाता शहराला खेळू देतं. हे जुळून आलेलं आहे आणि म्हणूनच ते निसर्गावर अवलंबून आहे. २०१७ मध्ये बर्फ खूप पडलं, ७,००० क्युसेकची पूरपातळी ओलांडून नदी कित्येक आठवडे वाहत राहिली आणि ट्यूबचा हंगाम बराच पुढे ढकलावा लागला. कोलंबसमध्ये पाणी वीज कंपनीच्या हातात आहे. वीजगृह चाललं की नदी फुगते, थांबलं की खडक उघडे पडतात, त्यामुळे एकाच दिवसात सकाळची नदी कुटुंबासाठी आणि नंतरची कसलेल्यांसाठी असते. कोलोरॅडोनं तर २००१ मध्ये कायदाच केला, की नावा चालवण्यासाठी नदीच्या पात्रात पाणी राखणं हासुद्धा पाण्याचा हक्काचा वापर आहे. ज्या राज्यात पाण्याचा थेंबन् थेंब आधी कुणी उचलला यावरून वाटला जातो, तिथे पाणी न उचलता वाहू देण्याला हक्क मिळाला. ही मला त्या पार्कांपेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

याचं आपल्याकडचं उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते पावसाच्या भरवशावर नाही. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारं पाणी सकाळी नदीत येतं, त्यावर राफ्ट सुटतात. हे पाणी मुळशी धरणाचं. मुळशी धरण मुळा नदीवर आहे आणि मुळा नैसर्गिक उतारानं पूर्वेला पुण्याकडे वाहते. टाटांच्या प्रकल्पानं शंभर वर्षांपूर्वी ते पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह लढवला. म्हणजे पुण्याच्या मुळेचं पाणी आज कोकणात खळाळ निर्माण करतं, आणि पुणेकर शनिवारी ताम्हिणी उतरून ते पाहायला जातात. यात कोलाडच्या व्यावसायिकांचा काही दोष नाही, त्यांनी उपलब्ध पाण्यावर एक चांगला रोजगार उभा केला. पण सोडलेलं पाणी ठरलेल्या वेळी मिळालं तर महाराष्ट्रातही नदी खेळण्याजोगी होते, याचा तो रोजचा पुरावा आहे.

घाण हा तिसरा प्रश्न आणि सर्वांत चिवट. डेन्व्हरचं पार्क जगभर नावाजलं गेलं, तरी पन्नास वर्षांनंतरही शहरातल्या साउथ प्लॅटमध्ये ई-कोलाय जिवाणूंचं प्रमाण वारंवार मर्यादेबाहेर जातं. कारखान्यांची नळी सापडते आणि बंद करता येते. रस्त्यावरून, अंगणांतून, फुटक्या गटारांतून पावसाबरोबर येणारी घाण हजार तोंडांनी येते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नका, हा सल्ला तिथे कायमचा आहे. अमेरिकेत आंघोळ-पोहण्यासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात सरासरी १२६ ई-कोलाय ही शिफारस केलेली मर्यादा धरतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्नानासाठीचे निकषही आहेत: बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विष्ठेतले कोलिफॉर्म शंभर मिलिलिटरला ५०० पर्यंत, फार तर २,५००. निकष कागदावर आहेत. घाटावर फळा लावून दर आठवड्याचा आकडा लिहिणारं शहर मात्र माझ्या पाहण्यात नाही.

घाण टाळण्यासाठी नदीच टाळायची, असाही एक मार्ग निघाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये २००६ साली पंपांनी पाणी फिरवणारा बंदिस्त काँक्रीटचा मार्ग सुरू झाला. पाणी क्लोरीननं शुद्ध करायचं, खळाळ हवा तितका करायचा. २०१६ मध्ये तिथे राफ्टिंग करून गेलेली अठरा वर्षांची मुलगी मेंदू पोखरणाऱ्या अमिबाच्या संसर्गानं दगावली. उघड्या, मातकट पाण्यात क्लोरीन पुरेसं टिकत नाही, हे त्यातून पुढे आलं आणि ती व्यवस्था बदलावी लागली. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत याच प्रकारच्या संसर्गाचे रुग्ण आढळले आहेत. आपल्या वॉटर पार्कवाल्यांनी आणि त्यांना परवाने देणाऱ्यांनी ही घटना वाचून ठेवावी.

कायाक आणि ट्यूब यांचं भांडणही जुनं आहे, आणि माझा कल ट्यूबकडे आहे. कायाकिंगला साधनं लागतात, शिकवणी लागते, वेळ लागतो. लाटेवर खेळणारे मूठभर असतात. ट्यूबवर कोणीही बसू शकतं, आजीसुद्धा. आपल्याकडे ट्रकच्या ट्यूबवर, पत्र्याच्या डब्यावर नाहीतर वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर विहिरीत आणि नदीत पोहायला शिकलेल्या पिढ्या आहेत. सार्वजनिक पैशातून काही करायचं तर ते या जास्त लोकांसाठी व्हावं. टेक्सासमधलं न्यू ब्रॉनफेल्स यासाठी पाहण्यासारखं आहे. कोमाल ही तिथली झऱ्यांवर वाहणारी नदी उगमापासून मुखापर्यंत जेमतेम चार किलोमीटरची, संपूर्ण शहराच्या हद्दीत, बारा महिने सुखद तापमानाची. बंधारा लागतो तिथे शहरानं ट्यूबसाठी खास घसरण बांधली आहे. पण गर्दीबरोबर डबे-बाटल्यांचा खच आला. २०११ मध्ये नागरिकांनी मतदान करून वापरून फेकून द्यायच्या डब्या-बाटल्यांतून नदीवर खाणंपिणं नेण्यावर बंदी घातली आणि मग ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात लढलं गेलं. बॉइसीत दारू आणि काच दोन्हींना मनाई आहे, पुलावरून उड्या मारायलाही, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे.

ट्यूबला ब्रेक नसतो आणि दिशाही नसते, हे मात्र विसरता येत नाही. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावात क्लिअर क्रीकला पाणी वाढलं की एकाच कप्प्याच्या फुगवलेल्या साधनांवर बंदी येते, कायाक चालू राहतात. हे योग्यच आहे. पाण्यात वाकलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळून जातं, माणूस अडकतो. चार ट्यूब दोरीनं एकमेकींना बांधल्या तर पुलाच्या खांबाला दोन्ही बाजूंनी वेढा पडतो. आणि वाहत्या पाण्यात पडल्यावर उभं राहायची धडपड करणारा सर्वांत लवकर संकटात येतो, कारण पाय दोन दगडांत अडकला की मागचं पाणी त्याला खाली दाबतं. पाठीवर झोपावं, पाय पुढे आणि वर ठेवावेत, काठाकडे हात मारत सरकावं. नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाला हे तीन शब्दांत का होईना सांगितलं पाहिजे.

माशांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो गंभीर आहे. उंच बंधारा काढून पार्क केलं तर माशांना वर जाण्याची वाट मोकळी होते. मुळात मोकळ्या वाहणाऱ्या प्रवाहात खेळासाठी पायऱ्या घातल्या तर वेगवान पाण्याच्या अरुंद वाटेनं लहान मासे अडतात; कोलोरॅडोत झालेल्या अभ्यासांत हे दिसलं आहे. म्हणून जिथे आधीच भिंत आहे तिथेच लाट बांधावी, हा नियम मला साधा आणि पुरेसा वाटतो.

हे सगळं पुण्यात आणून पाहू. मुठेवर १८७९ मध्ये पूर्ण झालेलं खडकवासला आहे, पण त्याचं पाणी कालव्यांतून आणि नळांतून जातं; उन्हाळ्यात शहरातल्या पात्रात वाहतं ते बहुतेक सांडपाणी. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा, त्याची रेगाटा पुण्याचं भूषण. तिथली मुलं आजही त्या पाण्यावर वल्ही चालवतात, आणि त्यांच्या चिकाटीला मी मानतो. त्यांना दुर्गंधीत सराव करावा लागतो ही शहराची नामुष्की आहे. जपानच्या मदतीनं मंजूर झालेल्या योजनेत ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. दुसरीकडे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकासाची योजना आहे. काठ आधी आणि पाणी मागून, असा क्रम लागला तर आपल्याकडे सुंदर पायऱ्या होतील आणि त्यांवरून खाली उतरायला कोणी धजावणार नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, जिथे जिथे नदीकाठाच्या प्रकल्पाची जनसुनावणी होईल, तिथे वाचकांनी जावं आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात. उन्हाळ्यात पात्रात किती क्युसेक पाणी राहील आणि ते कोणाच्या वाट्यातून. दर आठवड्याला पाण्याची तपासणी कोण करेल आणि तिचा आकडा कुठे लावला जाईल. आणि शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर इशाऱ्याचा फलक, दोर आणि वळसा घालून जाणारी वाट कोणत्या तारखेपर्यंत होईल. ही तीन उत्तरं हातात पडेपर्यंत काठावरच्या एकाही दगडाला संमती देऊ नका.